सकाळी दहा वाजता मूळ नक्षत्र

जुलै लागला की आमच्या घरात सकाळी दहा वाजता रात्र पडते.

बाहेर लख्ख ऊन असतं. खालच्या अंगणातल्या लिंडनच्या झाडात मधमाश्या घुमत असतात, बाल्कनीतले माझे टोमॅटो लाल व्हावं की नाही याचा जर्मन पद्धतीनं सावकाश विचार करत असतात, आणि मी कॉफीच्या दुधावर डोळा ठेवून उभी असते. तेवढ्यात फोन वाजतो. पलीकडे, न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, माझी सून मेधा घराच्या मागच्या पायरीवर उभी असते. तिच्याकडे संध्याकाळचे आठ, भर हिवाळा, अंधार कधीच पडलेला. तिचे दात वाजतात ते इथे लुडविग्सहाफेनला ऐकू येतं.

"बाबा, आलात का बाहेर?" ती विचारते.

"आलो," हे स्वयंपाकघरातल्या खुर्चीतून न हलता म्हणतात. "काय काय निघालंय आज?"

मग बाजारात काय आलंय ते सांगावं तसं ती सांगत जाते. त्रिशंकू नैर्ऋत्येला कलायला लागलाय. मित्र आणि मित्रक अगदी उंच. अगस्त्य दक्षिणेला खाली उतरलाय, पण तो तिथे मावळत नाही, नुसता वाकून पुन्हा वर चढतो. आणि पूर्वेला विंचू. अख्खा, नांगीसकट.

यंदाही परवापासून हे फोन सुरू झाले. आणि परवाच, पहिल्याच फोनला, माझं दूध उतू गेलं. कारण घंटा वाजली की मला दोन वर्षांपूर्वीचा, २००७ सालचा जुलै आठवतो. त्या जुलैत चार दिवस असे होते की दहा वाजायचे आणि फोन वाजायचा नाही. त्याला कारण मी होते.

ह्यांचं आकाशाशी जुनं आहे. सांगलीच्या गच्चीवर लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून नक्षत्रं शिकलेला माणूस. पुढे रसायनं शिकला आणि ऱ्हाइनच्या काठी, जगातल्या सर्वांत उजेडी कारखान्यांपैकी एका कारखान्यात येऊन पडला. तो कारखाना रात्रभर जागा असतो. शेकडो दिवे, चिमणीच्या टोकाला ज्योत. त्यामुळे आमचं रात्रीचं आकाश संत्र्याच्या मुरंब्याच्या रंगाचं. त्या मुरंब्यात ह्यांनी चाळीस वर्षं दुर्बीण खुपसून बसावं आणि मी म्हणावं, "अहो, दिवसा झाकायचं आणि रात्री शोधायचं, हा कुठला उद्योग?"

इथून दक्षिणेचं आकाश म्हणजे पडदा अर्धा पाडलेली खिडकी. सांगलीला फेब्रुवारीत शेजाऱ्यांच्या कौलांवर येऊन बसणारा अगस्त्य इथे उगवतच नाही. विंचवाचं डोकं उन्हाळ्यात दिसतं, पण नांगी, म्हणजे आपलं मूळ नक्षत्र, क्षितिजावर दोन बोटं येतं आणि काय थंडी वाजते कोण जाणे, लगेच पांघरुणात शिरतं.

हे दोन बोटांचं माप मला कुणी शिकवलं ते सांगायला हवं. त्यात माझी शोभा आहे, पण आता या वयात शोभेची लाज कोण धरतो.

आमचा अजय तेव्हा रेगेन्सबर्गला मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर होता, आणि नाशिकची मेधा तिथल्या विद्यापीठात भौतिकशास्त्रात पीएच.डी. करत होती. दोघांनी ठरवलं आणि आम्हाला कळवलं. मी तेव्हा कोण होते, तर तीस वर्षं जर्मनीत राहिलेली, केस कापलेली, सायकलवरून कामाला जाणारी, आपोथेकेच्या काउंटरवर उभी राहून जर्मन म्हाताऱ्यांना गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या की नंतर ते दरडावून सांगणारी बाई. वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा दिल्या तर अपशकुन होतो म्हणून माझ्या तिथल्या मैत्रिणी तोंडावर हात धरायच्या, आणि मी हसायचे. म्हणायचे, शिकल्यासवरल्या बायका तुम्ही, काय हे.

त्या बाईनं गुपचूप नाशिकला फोन करून मुलीची पत्रिका मागवली. घरी नको, हे बघतील, म्हणून आपोथेकेच्या फॅक्सवर. खोकल्याच्या औषधांच्या ऑर्डरींमधून ती कुंडली बाहेर आली. मालकीणबाईंनी कागद सरळ धरला, उलटा धरला. "आल्झो, म्हणजे हे कशाचं आहे?"

"रक्तदाबाचं," मी म्हटलं.

आणि वाचल्यावर माझा चढलाच. मूळ नक्षत्र. ज्यांच्या घरी हे खूळ नव्हतं त्यांच्यासाठी सांगते: मूळ नक्षत्रावरची सून सासऱ्याला वाईट म्हणतात, आश्लेषेवरची सासूला. दिरांचीही सोय केलेली आहे. नवऱ्यासाठी वेगळं नक्षत्र ठेवलेलं नाही, त्याचं जे व्हायचं ते नक्षत्रावाचून होतंच.

मेधा पहिल्यांदा घरी आली तेव्हा मी तिला स्वयंपाकघरात एकटीला गाठलं. ती कांदा चिरत होती. मी आपलं मधाळ आवाजात म्हटलं, "तुझी जन्मवेळ पुन्हा एकदा विचारून बघ ना घरी. त्या काळची घड्याळं, पुढेमागे असायची."

तिनं सुरी थांबवली नाही. "वेळ बरोबर आहे. माझे बाबा रेल्वेत होते." आणि थोडं चिरून झाल्यावर, "पण तुम्ही काळजी करू नका, आई. इथे मूळ जेमतेम दोन बोटं वर येतं, तेही कारखान्याच्या धुरात. तिथून ते बाबांना काय करणार?"

दाराबाहेर हे हसले. मोठ्यानं. पत्रिकेचं बिंग फुटलं आणि त्या क्षणापासून सासरा-सून एका पक्षात गेले.

आता माझी अक्कल बघा. मला तिचं म्हणणं पटलं. हसून सोडून द्यायची गोष्ट मी मनात नीट घडी घालून ठेवली. दोन बोटं म्हणजे दोनच बोटं, मी खिडकीत हात लांब करून मोजून पाहिलं. लग्नाला हो म्हटलं ते जर्मनीच्या अक्षांशावर विसंबून.

चार-पाच वर्षांनी अजयला न्यूझीलंडला नोकरी लागली. "दोन वर्षांत परत येतो, आई," तो म्हणाला. अगस्त्यानंही विंध्याला असंच सांगितलं होतं, मी परत येईपर्यंत वाकून राहा म्हणून, आणि दक्षिणेला गेला तो गेलाच. विमानतळावर मी खूप रडले. लोकांना वाटलं मुलासाठी, नातीसाठी. त्यातलं अर्धं रडणं वेगळ्या कारणासाठी होतं, ते आज सांगते. आदल्या रात्री मी ह्यांच्या नकाशात पाहिलं होतं. तिकडे मूळ डोक्यावर येतं.

२००७ च्या जुलैत आम्ही तिकडे जाणार होतो. ह्यांना आयुष्यात एकदा दक्षिणेचा हिवाळा बघायचा होता. थंड, कोरडी, लांबलचक रात्र आणि वर अख्खी आकाशगंगा. तिकिटं झाली. कपड्यांच्या आधी नकाशे बॅगेत गेले. आणि मे महिन्यात एके सकाळी हे म्हणाले, "बाल्कनीच्या कठड्याला पोट सुटलंय."

"तुमचं बघा आधी," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दाराची चौकट वाकली. मग माझं नाक गेलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्या चेहऱ्याच्या मधोमध काही नाही." त्यांच्या आवाजावरून मला कळलं की हा टोमणा नव्हे.

आउगेनक्लिनिकमध्ये, म्हणजे डोळ्यांच्या दवाखान्यात, वेळ मिळाली, तपासलं, आणि डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. डोळ्याच्या पडद्याला मधोमध भोक. ह्यांचा डावा डोळा लहानपणापासून कामाचा नाही. जे काही तारे पाहिले ते उजव्यानं, आणि भोक उजव्याला. ऑपरेशन करून डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडायचा, तो मागच्या पडद्याला टेकून राहिला तर भोक मिटतं. बुडबुडा वर चढतो, म्हणून पडदा वर यायला हवा, म्हणून माणसानं खाली बघायचं. दहा दिवस. जेवताना, झोपताना, कायम. आणि बुडबुडा विरेपर्यंत विमान नाही, उंचीवर तो फुगतो.

"दिसेल ना पुन्हा?" ह्यांनी विचारलं.

"बघू," त्या म्हणाल्या. जर्मन डॉक्टर खोटा धीर देत नाहीत. तेव्हा मला तो खोटा चालला असता.

जुलैच्या सुरुवातीला ऑपरेशन झालं. खालच्या मजल्यावर एक फिजिओथेरपिस्ट बाई राहते. तिनं तिची मालिश करायची खुर्ची आणून दिली, जिच्यात पुढे वाकून गोल भोकात चेहरा ठेवायचा. स्वयंपाकघरात ओट्यासमोर ती मांडली. चाळीस वर्षं मान वर करून जगलेला माणूस तिच्यात पालथा बसला, विंध्यासारखा. खाली जमिनीवर अंथरलेलं ठिपक्यांचं जुनं लिनोलियम. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अगं, इथे फ्रिजजवळ मृग आहे. पण व्याध सापडत नाही."

"काल पुसताना गेला असेल," मी म्हटलं.

आणि मेधानं रोजचा फोन सुरू केला. तुम्ही येत नाही तर आकाश तुमच्याकडे येईल, म्हणाली. शाळेत शिकवून, स्वयंपाक उरकून, आमच्या नातीला, इराला, जेवायला बसवून ती आठाला अंगणात यायची. मी फोनचा स्पीकर चालू करून तो जमिनीवर ठेवायचे, बरोबर ह्यांच्या चेहऱ्याखाली. लिनोलियममधून त्रिशंकू निघायचा. मी कांदा परतायचे थांबून ऐकायचे. ती नुसती नावं सांगत नसे. अमुक तारा रॉकेलच्या दिव्याच्या रंगाचा दिसतोय, म्हणायची. आकाशगंगा इतकी दाट आहे की कुणी पीठ चाळून गेलंय, म्हणायची. हे मधेच विचारायचे, "ज्येष्ठेच्या शेजारी गुरू आहे ना?" "आहे, बाबा. तिच्यापेक्षा तेजस्वी." "गेनाऊ, अगदी बरोबर," हे फरशीला सांगायचे.

पाचव्या दिवशी तपासणीत डोळ्यातला दाब वाढलेला निघाला. घरी आलो, दहा वाजले, फोन वाजला.

"आई, काय म्हणाले डॉक्टर?"

घाबरले की मी विनोद करते, ही माझी लहानपणापासूनची खोड आहे. मी म्हटलं, "काय म्हणणार? शेवटी तुझ्या मुळानं तिकडे डोक्यावर चढून गाठलंच गं ह्यांना."

हसून म्हटलं. पण हसणं बहुधा मधे कुठे तरी समुद्रात पडलं आणि बाकीचं सगळं पोचलं.

मग मेधा म्हणाली, "ठेवते, आई. इराला झोपवायचंय." तिच्याकडे आठच वाजले होते.

दुसऱ्या दिवशी दहा वाजले. सव्वादहा. हे खुर्चीत, फोन जमिनीवर, मी उगाच ओटा पुसतेय. "ढग असतील," हे म्हणाले. तिसऱ्या दिवशीही ढग असतील म्हणाले. अजयची ईमेल आली, मेधाला शाळेत फार काम आहे. चौथ्या दिवशी फोन आला नाही तेव्हा मीच म्हटलं, "ढगच असतील."

"डोळे पालथे आहेत माझे," हे म्हणाले. "कान उताणेच आहेत. तू काय बोललीस ते मी ऐकलंय."

मी ओरडा खायला तयार होते, तो मिळाला नाही. नुसती त्यांची मानेवरची पांढरी लव दिसत होती आणि घड्याळ ऐकू येत होतं. त्या माणसाचे डोळे परत येतील की नाही कुणाला ठाऊक नव्हतं, आणि दिवसातून अर्धा तास त्याला जे दिसत होतं ते मी घालवलं होतं.

पाचव्या दिवशी मीच नंबर फिरवला. स्पीकर चालू केला, फोन जमिनीवर ठेवला आणि गुडघे कुरकुरत असताना शेजारी फतकल मारून बसले.

"आई? बाबा बरे आहेत ना?" तिचा आवाज पांढराफटक.

"बरे आहेत. दाब उतरलाय. चार दिवस तोच तो मृग बघून कंटाळलेत. आज काय दिसतंय ते सांग."

"ढग आहेत," ती म्हणाली. "आज खरंच आहेत."

"मग तुला वेळ आहे. मला एक सांगायचंय." मी ह्यांच्या पायांकडे बघत होते, ते सोयीचं होतं. "माझे वडील शाळामास्तर. खोटं बोलणाऱ्या मुलाला छडी मारायचे. त्यांनी माझ्या पत्रिकेत माझी जन्मवेळ दोन तास पुढे ढकलली. मी आश्लेषेची. त्यांनी मला मघेची केलं. कर्केची मुलगी, सिंहेची म्हणून खपवली. लग्नाच्या आदल्या दिवशी आईनं कानात सांगितलं आणि म्हणाली, मरेपर्यंत बोलू नकोस."

थांबले तर पुढचं निघणार नाही, म्हणून मी तशीच बोलत राहिले.

"माझ्या सासूबाई त्र्याण्णव वर्षं जगल्या. शेवटपर्यंत माझ्या भाकरीला नावं ठेवत होत्या, इतक्या ठणठणीत. पण सांगलीहून पत्र आलं, आईंना ताप आहे, की इथे माझी झोप उडायची. दर वेळी. वाटायचं, माझ्यामुळे. कुणाला सांगायची सोय नाही. ते काय असतं ते मला पक्कं माहीत होतं, मेधा. आणि मी तेच उचलून तुझ्या डोक्यावर ठेवलं."

मग ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही मला तेव्हा वेळ पुन्हा विचारून बघ म्हणालात..."

"अनुभवानं म्हणाले."

आधी वाटलं ती रडतेय. रडतही होती, पण मधून हसत होती. नाक ओढून म्हणाली, "मी रोज आठाला बाहेर येत होते, आई. फोन हातात धरून. वर बघवत नव्हतं. वाटायचं, खरं असलं तर?"

मी फरशीवरचा एक ठिपका नखानं खरवडत बसले.

"मेधा," खुर्चीच्या भोकातून आवाज आला, "ढगांमागचं सांगता येईल का?"

"येईल की, बाबा. आहेत तिथेच असणार." आणि तिनं सुरू केलं. वर राखाडी झाकण, खाली ती, पलीकडे लिनोलियमवर डोळे लावलेला तिचा सासरा, आणि शेजारी टळटळीत सकाळी जमिनीवर बसलेली मी. तिघांपैकी कुणालाही काहीही दिसत नव्हतं. वायव्येला मघा मावळायला टेकलीय, ती म्हणाली, शुक्र आणि शनी तिच्याजवळच आहेत. "आणि आई, तुमची आश्लेषा नुकतीच मावळली. आता काळजी नाही." मग पूर्वेकडे वळली. विंचू बराच वर आला असेल. नांगी आडवी. इथले माओरी तिला नांगी म्हणत नाहीत, ती म्हणाली, गळ म्हणतात. त्यांच्या कुण्या पराक्रमी पूर्वजानं तो गळ समुद्रात टाकला आणि उत्तरेचं अख्खं बेट वर ओढून काढलं.

मी त्या गळाचा विचार करत राहिले. तेच तारे. आम्ही त्यांना सासऱ्यांच्या मागे लावलं, आणि कुणी त्यांच्याकडून राहायला जमीन काढून घेतली.

फोन ठेवल्यावर मला उठता येईना. ह्यांनी न बघताच हात पुढे केला.

"माझ्या आईला माहीत होतं," ते म्हणाले.

"काय?"

"तुझी आश्लेषा. लग्नाच्या आधीच. तुमच्या गावची कुणी तरी बाई तिला सांगून गेली होती."

"मग बोलल्या कशा नाहीत?"

"मी विचारलं होतं. म्हणाली, मुलीचे वडील पत्रिका देताना घामाघूम झाले होते. घाबरलेल्या माणसाला आणखी काय घाबरवायचं."

माझ्या भाकरीवर, केसांवर, मुलाला भरवायच्या पद्धतीवर चाळीस वर्षं न चुकता बोलणारी बाई. तिच्याकडे माझ्याविरुद्ध एवढं मोठं हत्यार होतं, आणि तापात फणफणतानासुद्धा तिनं ते काढलं नाही. मी मात्र पहिल्या भीतीला काढलं. त्या दिवशी मी भाकरी केली. जाडच झाली. कुणी बोललं नाही आणि मला ते फार लागलं.

दहा दिवसांनी ह्यांनी मान वर केली तेव्हा बुडबुड्यातून जग पाण्याखाली असल्यासारखं दिसत होतं. तो हळूहळू विरला. सप्टेंबरात माझं नाक परत आलं, जरा वाकडं. "पूर्वीही असंच होतं," हे म्हणाले. पुढच्या वर्षी त्याच डोळ्यात मोतीबिंदू पिकला, तो काढण्यात तोही उन्हाळा गेला. पण दर जुलैत दहाचा फोन राहिला. कठड्याचं पोट अजून पुरतं गेलेलं नाही. तारे वाकत नाहीत, हे म्हणतात, ते एकेकटे असतात म्हणून.

यंदा डॉक्टरीणबाईंनी विमानाला हो म्हटलंय. बॅगेत पुन्हा कपड्यांच्या आधी नकाशे गेलेत. मी माझी लोकरी टोपी आणि जाड मोजे वर ठेवलेत, कारण अंगणात उभं मलाही राहायचंय.

आज सकाळी दूध उतू गेलं नाही. फोन वाजला, ह्यांचं त्रिशंकू-अगस्त्य झालं, आणि मी मधे तोंड घातलं.

"मूळ कुठवर आलं गं?"

"अर्ध्यावर, आई. या वेळेला डोक्यावर यायला अजून महिनाभर आहे."

"येऊ दे सावकाश," मी म्हटलं. "आम्हीही निघतोच आहोत."